गुलामबाजार ते दौलताबाद : मलिक अंबर यांचे जीवन

छत्रपती संभाजीनगर शहरात, म्हणजे आमच्या पिढीच्या तोंडी बसलेल्या औरंगाबादेत, भडकल दरवाजा नावाची एक भव्य दगडी वास्तू उभी आहे. या दरवाजाजवळच परमपूज्य बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिल असो वा ६ डिसेंबर, हजारो भीमसैनिक तेथे जमतात, पुष्पहार अर्पण करतात आणि पुढे जातात. सांगली-मिरजेहून तिकडे जाणारी आपली माणसेही तेथे आवर्जून थांबतात. मात्र ज्या दरवाजाच्या सावलीत आपण उभे राहतो, तो दरवाजा बालपणी बाजारात विकल्या गेलेल्या एका आफ्रिकी गुलामाने सन १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून बांधला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्या पुरुषाचे नाव मलिक अंबर. सन २०२६ हे त्यांच्या निधनाचे चारशेवे वर्ष आहे.

शालेय इतिहासात मलिक अंबर यांच्या वाट्याला चार-दोन ओळी येतात. निजामशाहीचा कर्तबगार वजीर, गनिमी काव्याचा जाणकार आणि जमीनमहसुलाची व्यवस्था लावणारा कारभारी, एवढ्यावर धडा संपतो. त्यातही त्यांचा उल्लेख बहुधा एकवचनी असतो. राजांना व सरदारांना आदरार्थी बहुवचन आणि गुलामाला एकवचन, ही सवय आमच्याही लेखणीला लागलेली होती. या लेखात आम्ही ती जाणीवपूर्वक सोडून देत आहोत.

मलिक अंबर यांचा जन्म सुमारे १५४८ साली आजच्या इथिओपियात झाला. घरचे नाव चापू. अरबी भाषेत त्या प्रदेशाला हबश म्हणत, म्हणून तिकडून आलेल्या माणसाला आपल्याकडे हबशी हे नाव पडले. दारिद्र्यामुळे आईबापांनीच त्याला विकले, असे सांगितले जाते. विकणारे कोणीही असोत, कोवळ्या वयातील एक मूल आपले घर, आपली भाषा आणि आपले नाव गमावून परक्या मुलखात जाऊन पडले, एवढे निश्चित. तांबड्या समुद्रावरील मोखा या बंदरात गुलामांचा बाजार भरत असे. तेथून एका मालकाकडून दुसऱ्याकडे असे करीत तो बगदादच्या मीर कासिम नावाच्या धनिकाच्या हाती आला.

मीर कासिमने त्याला इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर असे नवे नाव ठेवले. अंबर म्हणजे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी सुगंधांची, रत्नांची नावे देण्याची तेव्हा रीत होती. परंतु नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, या मालकाने मुलाची बुद्धी ओळखली आणि त्याला लिहावयास, वाचावयास व हिशेब ठेवण्यास शिकविले. गुलामाच्या हाती अक्षर आले. पुढील पन्नास वर्षांच्या कर्तृत्वाचा पाया येथे घातला गेला, असे आम्हांस वाटते.

सन १५७० नंतरच्या काही वर्षांत मीर कासिमने अंबर यांना दक्षिणेत आणून विकले. विकत घेणारा होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान. हा चंगीजखान स्वतः हबशी असून एके काळचा गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. बहमनी काळापासूनच दक्षिणेतील सुलतान हबशी गुलामांची खरेदी करीत असत. त्यांना शस्त्रविद्या शिकवून फौजेत घेत. घरदार, नातीगोती नसलेला माणूस धन्याशी एकनिष्ठ राहतो, हा त्यामागील हिशेब. मात्र येथील गुलामी बहुधा जन्मभराची नसे. धनी निवर्तला किंवा प्रसन्न झाला की गुलाम मोकळा होई आणि अंगी गुण असल्यास सरदारही होई. चंगीजखानाच्या कचेरीत राज्यकारभार कसा चालतो, फौज कशी राखतात, दरबारातील गट कसे हाताळावे लागतात, हे सारे अंबर यांनी जवळून पाहिले.

सुमारे १५७५ मध्ये चंगीजखान मरण पावला. सुलतानाच्या आज्ञेने त्याच्यावर विषप्रयोग झाला होता. त्याच्या विधवेने अंबर यांना मुक्त केले. ते स्वतंत्र झाले, पण निराधारही झाले. बीबी करीमा या स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. काही वर्षे ते विजापूरच्या आदिलशाहीत चाकरीला होते. तेथेच त्यांना मलिक हा किताब मिळाला. पगार व मान यांवरून मन विटल्याने सुमारे १५९५ मध्ये ते आपल्या दीडशे स्वारांनिशी निजामशाही मुलखात परतले आणि अभंगखान या हबशी सरदाराच्या पक्षास मिळाले.

हा काळ निजामशाहीच्या विनाशाचा होता. अकबर बादशहाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या. चाँदबीबीने अहमदनगरचा किल्ला शर्थीने लढविला, परंतु १६०० साली तिची तिच्याच पक्षातील लोकांनी हत्या केली आणि त्याच वर्षी किल्ला मोगलांच्या हाती गेला. बाल सुलतानास ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकण्यात आले. राजधानी गेली, राजा गेला, खजिना गेला. बहुतेकांच्या लेखी निजामशाही संपली होती.

मलिक अंबर यांच्या लेखी ती संपलेली नव्हती. त्यांनी राजघराण्यातील एका तरुणास शोधून काढले, परांडा येथे दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून त्यास गादीवर बसविले आणि आपली कन्या त्यास दिली. राज्याचा सारा कारभार त्यांनी स्वतःकडे घेतला. राजू दखनी या प्रतिस्पर्धी सरदाराचा बंदोबस्त केला. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि पुढे दौलताबादेस नेली. त्यानंतर सुमारे सव्वीस वर्षे, मृत्यूपर्यंत, त्यांनी अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या सैन्याला दक्षिणेत स्वस्थता लाभू दिली नाही.

मोगलांची फौज अफाट होती. तोफा, हत्ती, बाजारबुणगे यांचा पसारा घेऊन ती चाले. उघड्या मैदानात तिच्याशी गाठ घालणे म्हणजे आत्मनाश होय, हे मलिक अंबर यांनी ओळखले. त्यांनी मराठा घोडेस्वारांच्या हलक्या टोळ्या उभ्या केल्या. शत्रूची रसद तोडावयाची, रात्री छावणीवर छापे घालावयाचे, पाठलाग होताच डोंगरदऱ्यांत नाहीसे व्हावयाचे, असा हा लढा होता. वेरूळच्या भोसले घराण्यातील पुरुष निजामशाहीच्या सेवेत होतेच. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेशी मलिक अंबर यांची निर्णायक लढाई झाली. तेथील तलावाचा बांध फोडून त्यांनी शत्रूच्या छावणीची वाताहत केली. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजविला, त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. शिवाजी महाराजांच्या काळात रचलेल्या शिवभारत या संस्कृत काव्यातही मलिक अंबर यांचा उल्लेख आदराने येतो. ज्या मातीत पुढे स्वराज्य उभे राहिले, त्या मातीत बलाढ्य बादशाहीशी थोड्या बळावर कसे लढावे, याचा धडा आधी गिरविला गेला होता.

पराभव त्यांच्या वाट्याला आला नाही असे मात्र नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे मोगलांनी त्यांचा मोड केला आणि त्यांनी वसविलेले खडकी शहर जाळले. १६१७ व १६२१ मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढील शाहजहान, याच्याशी त्यांना पडते घेऊन तह करावे लागले. प्रत्येक वेळी मोगल सैन्य मागे फिरताच त्यांनी गेलेला मुलूख पुन्हा जिंकण्यास आरंभ केला. पुढे तोच खुर्रम बापाविरुद्ध बंड करून उठला, तेव्हा साह्यासाठी मलिक अंबर यांच्याच दारी आला.

जहांगीर बादशहाचा त्यांच्यावरील राग विलक्षण होता. आपल्या आत्मचरित्रात त्याने त्यांच्या काळ्या वर्णावरून हिणकस शब्द वापरले आहेत. अबुल हसन या चितेऱ्याकडून त्याने एक चित्रही काढवून घेतले. त्यात भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबर यांच्या मस्तकावर बादशहा बाण सोडताना दाखविला आहे. हे चित्र आज डब्लिन येथील संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. रणात जे साधले नाही, ते कागदावर रंगवून घ्यावे लागले.

गुलामीचा डाग परक्यांनीच दाखविला असेही नाही. १६१७ मध्ये मलिक अंबर यांच्या छावणीस भेट देणाऱ्या पीटर व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याने एक हकीगत नोंदविली आहे. तिच्यानुसार, सुलतानाच्या दुसऱ्या एका राणीने मलिक अंबर यांच्या कन्येस गुलामाची पोर म्हणून हिणविले. संतापलेल्या पित्याने सुलतान व ती राणी या दोघांनाही विष देवविले आणि सुलतानाच्या अल्पवयीन मुलास गादीवर बसविले. धम्माच्या मार्गाने चालणाऱ्या आम्हांला या कृत्याचे समर्थन करता येत नाही, करावयाचेही नाही. परंतु ज्याच्या एका शब्दावर राज्य चालत होते, त्याच्या लेकीलाही बापाचा जन्म ऐकवून दाखविला जात होता, हे त्या हकीगतीतून स्पष्ट होते. अधिकार मिळाला म्हणजे अवहेलना थांबते असे नाही, हा अनुभव आपल्या समाजातील अनेकांना आजही नवा नाही.

लढाईइतकेच, किंबहुना त्याहून अधिक टिकाऊ काम त्यांनी कारभारात केले. १६१० च्या सुमारास त्यांनी खडकी या गावाच्या जागी नवे शहर वसविले. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. त्या शहरासाठी त्यांनी जी पाणीपुरवठ्याची योजना केली ती नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाते. शहराच्या उत्तरेकडील डोंगरउतारावर जमिनीत झिरपणारे पाणी गोळा करावयाचे, जमिनीखालून बांधलेल्या नहरीतून ते केवळ उताराच्या जोरावर शहरात आणावयाचे आणि मातीच्या खापरी नळांनी वस्त्यांतील हौदांपर्यंत पोहोचवावयाचे, अशी ही रचना होती. मोट नाही, रहाट नाही, तरी पाणी वाहत राही. पुढे याच धर्तीवर त्या शहरात आणखी नहरी झाल्या.

जमीनमहसुलाचा मक्ता देण्याची पद्धत त्यांनी बंद केली. मक्तेदार सरकारात ठरीव रक्कम भरी आणि रयतेकडून वाटेल तेवढे उकळी. त्याऐवजी जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविण्याची पद्धत त्यांनी घातली. प्रथम धान्यरूपाने आणि पुढे रोख रकमेने वसुली होऊ लागली. उत्तर काळातील कागदपत्रांत मलिकंबरी धारा हे नाव टिकून राहिले. आपल्या साताऱ्यास रेसिडेंट म्हणून आलेला पहिला इंग्रज अधिकारी जेम्स ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यानेही या महसूलव्यवस्थेची आवर्जून प्रशंसा केली आहे.

१४ मे १६२६ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास, मलिक अंबर यांचे निधन झाले. खुलताबाद येथे त्यांची कबर आहे. बीबी करीमा यांचीही कबर तेथेच आहे. आयुष्यभर ज्यांनी त्यांना शिव्या घातल्या, त्या मोगल दरबारातीलच एका इतिहासकाराने, मुतमदखानाने, त्यांच्या मृत्यूची नोंद करताना युद्धकला, सेनापतित्व आणि कारभार यांत त्यांच्या तोडीचा दुसरा नव्हता, अशा आशयाची कबुली दिली. त्यांचे पुत्र फतेहखान यांना राज्य सांभाळता आले नाही. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, १६३६ मध्ये निजामशाही संपली.

येथे चरित्र संपते. परंतु इतिहासाच्या शिक्षकाने चरित्र सांगून थांबू नये, त्या चरित्राला प्रश्नही विचारावा, असे आम्हांस वाटते. मलिक अंबर स्वतः बाजारातून सुटले, पण तो बाजार त्यांनी बंद केला काय? नाही. त्यांच्या फौजेतही खरेदी केलेले हबशी गुलाम होते. मोखाहून गुलाम येतच राहिले. ज्या गावांचा सारा त्यांनी न्यायाने बांधून दिला, त्या गावांतील पाटील-कुलकर्ण्यांची वतने अधिक बळकट झाली, परंतु गावकुसाबाहेर राहणारा माणूस कुसाबाहेरच राहिला. समुद्रापलीकडून आलेला गुलाम या दख्खनमध्ये राज्याचा सर्वाधिकारी होऊ शकला. त्याच दख्खनमध्ये जन्मलेल्या, त्याच गावची राखण करणाऱ्या आपल्या पूर्वजांना मात्र चावडीची पायरीही चढता आली नाही. गुलामाला धनी मुक्त करू शके. अस्पृश्याला मुक्त करील असा धनीच नव्हता, कारण त्याला बांधणारा धनी एक नसून सारा समाज होता. बाबासाहेबांनी गुलामी व अस्पृश्यता यांची तुलना करताना हाच भेद उलगडून दाखविला आहे. गुलामाला विद्येचा दरवाजा क्वचित का होईना उघडा होता. अस्पृश्याला तो धर्माच्याच नावाने बंद होता.

मलिक अंबर दख्खनमध्ये लढत होते, त्याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, स्पेनच्या ताब्यातील मेक्सिकोमध्ये, यांगा नावाचा एक आफ्रिकी गुलाम आपल्या सोबत्यांसह मळ्यांतून पळून डोंगरांत राहत होता. १६०९ मध्ये स्पॅनिश फौज त्यांच्यावर चालून गेली, पण त्यांना संपवू शकली नाही. शेवटी सत्ताधीशांना तह करून त्यांचे स्वतंत्र गाव मान्य करावे लागले. १९३२ पासून त्या गावाला यांगाचेच नाव आहे. येथे एक माणूस वर चढला नाही, एक वस्ती मोकळी झाली. परंतु त्या तहातही एक अट होती. यापुढे पळून येणाऱ्या गुलामांना गावाने आश्रय न देता परत करावे, अशी ती अट. आत आलेल्यांना स्वातंत्र्य आणि मागे राहिलेल्यांना दार बंद. मेक्सिकोतील साऱ्या गुलामांची मुक्तता व्हावयास १८२९ साल उजाडावे लागले. ती ज्यांनी जाहीर केली ते राष्ट्राध्यक्ष व्हिन्सेंते गेरेरो स्वतः आफ्रिकी रक्ताचे होते.

आपल्याकडील हबश्यांच्या वंशजांना सिद्दी म्हणतात. मुरुडजवळच्या जंजिऱ्यावर त्यांचे राज्य स्वातंत्र्यकाळापर्यंत टिकले. परंतु सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, कारवारकडील हल्याळ, यल्लापूर या तालुक्यांत जंगलाच्या कडेने राहणाऱ्या सिद्दींचे जिणे फार वेगळे आहे. त्यांपैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेले गुलाम होते. त्यांना कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली. त्यांच्याच रक्ताचा एक पुरुष चारशे वर्षांपूर्वी दौलताबादेचा सर्वसत्ताधीश होता, या गोष्टीने त्यांच्या घरातील चूल पेटली नाही.

यावरून मलिक अंबर यांचे मोठेपण कमी होते असे आम्ही मुळीच मानत नाही. जन्माने माणसाची लायकी ठरत नाही, कर्माने ठरते, ही तथागतांची शिकवण त्यांच्या जीवनात शंभर टक्के खरी ठरली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, आणि बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. त्या काळ्या माणसाशी आपले नाते या दोघांनी जोडले आहे. मलिक अंबर हे त्या नात्यातील आपल्याच मातीतले वडीलधारे होत.

तथापि एकाने वर चढणे आणि सर्वांसाठी दार उघडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली दाखल झालेल्या भीमराव नावाच्या मुलाने दोन्ही केल्या. तो स्वतः शिकला आणि शिकून झाल्यावर त्याने मागे वळून दरवाजा धरून ठेवला. मलिक अंबर यांनी वसविलेल्या शहरात १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय त्यांनीच उभे केले. पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या महाविद्यालयात मराठवाड्यातील आपली मुले पहिल्यांदा पदवीपर्यंत पोहोचली.

विश्रामबागेतील आपल्या या निवासी शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज अधिकारी, अभियंते, डॉक्टर, शिक्षक आहेत. त्यांतील कितीएक पहिल्या दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन, आईचा हात सोडवत नसलेल्या अवस्थेत वसतिगृहाच्या दारात उभे होते, हे आम्ही पाहिले आहे. परक्या ठिकाणी आलेल्या मुलाच्या हाती कोणीतरी अक्षर दिले की काय घडू शकते, हे मलिक अंबर यांच्या चरित्रातून दिसते. ते अक्षर पुढच्या मुलापर्यंत पोहोचविणे आपल्या हाती आहे. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या गावातील, आपल्या वस्तीतील एका तरी मुलाला या दारापर्यंत आणून सोडावे. पुढच्या वेळी भडकल दरवाजापाशी हात जोडाल, तेव्हा क्षणभर त्या दगडांकडेही पाहा.

जय भीम. नमो बुद्धाय.